सट्ट्याला ‘मत’ म्हटलं म्हणून

‘ओपिनियन ट्रेडिंग’ म्हणे! सट्ट्याला इतकं गोंडस नाव आजवर कुणी दिलं नव्हतं. मॅच कोण जिंकेल, सरकार कुणाचं येईल, यावर मोबाईलवर ‘हो’ किंवा ‘नाही’ विकत घ्यायचं. ‘हो’ सहा रुपयांना असेल तर ‘नाही’ चारला. ज्याचं खरं ठरलं त्याला दहा, दुसऱ्याचे बुडाले, आणि कंपनीचं कमिशन वेगळंच. घरात विचारावं तर उत्तर तयार : “हा जुगार नाही, अभ्यास आहे. शेअर बाजारासारखंच.”

शेअर घेतला तर एखाद्या धंद्यात आपला वाटा असतो. इथे वाटा कशात? समोरच्याच्या खिशात! सेबीनेही एप्रिल 2025 मध्ये बजावलं, की हे व्यवहार आमच्या अखत्यारीत येत नाहीत आणि आमचं संरक्षणही त्यांना नाही. यात नवीनही काही नाही. कलकत्त्याच्या बाजारात एकेकाळी पावसावर पैसे लावत. 1897 साली तो सट्टा कायद्याने बंद करावा लागला.

कायद्यातली फट मात्र यांना बरोबर सापडते. घटनेने जुगार राज्यांच्या यादीत टाकला. 1867च्या कायद्याने ‘कौशल्या’च्या खेळाला सूट दिली होती, त्या एका शब्दावर कंपन्या पोसल्या. कर्नाटकाने 2021 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये रद्द केली. आम्हा बेळगावकरांना तर चोर्ला घाट उतरला की गोव्यात कॅसिनो उभेच. आता मोबाईलला घाटही उतरावा लागत नाही. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला : कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. लगेच कंपन्या कोर्टात : हा विषय राज्यांचा, केंद्राचा काय संबंध?

केंद्र की राज्य, ते कोर्ट ठरवील. पण बायांनो, या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे आपल्या घरातल्या माणसाला पोलीस अडवणार नाही. त्याला अडवायचं कुणी?

सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचं आहे, मांस-मद्याच्याही आधी. आपल्या घरात कांदा-लसूण येत नाही, दिवस मावळल्यावर ताट वाढलं जात नाही. आणि त्याच घरात रात्री पांघरुणाखाली सट्टा चालतो. मंदिरात मोठी बोली बोलणाऱ्याला आपण हार घालतो, पैसा कुठून आला हे विचारत नाही.

विचारायला हवं. दागिने गहाण ठेवायला सही मागितली, तर आधी बँकेचं पासबुक मागा. मुलगा ‘अभ्यास’ म्हणाला, तर महिनाभराचा हिशेब मांडायला लावा. आणि यंदा दशलक्षण पर्वात मंडळात व्रतं घेताना द्यूतत्यागाचं व्रत नुसतं पुटपुटू नका; त्यात मोबाईलवरचा सट्टाही येतो, हे नाव घेऊन, पुरुषांच्या देखत म्हणा.