नकाराचा अर्थ

संगणकाने 'परमिशन डिनाइड' म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते आणि हात आपोआप 'सुडो'कडे जातो. माझे मत असे की, लिनक्स शिकणाऱ्याने आधी हा नकार वाचायला शिकावे, 'सुडो' नंतर. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही.

प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री एक लायब्ररी बसवत होतो. 'यूएसआर' या निर्देशिकेत लिहिण्याची परवानगी नाही, असा संदेश आला. संगणक दादाचा, घाई माझी! कोणाकडून तरी ऐकलेला मंत्र आठवला आणि 'सुडो'च्या जोरावर त्या सबंध निर्देशिकेला 'सीएचमॉड ७७७' लावून मोकळा झालो. काम झाले, पण पुढच्याच आज्ञेला खुद्द 'सुडो'ने हात वर केले. माझा मालक रूट हवा आणि माझ्यावर 'सेटयूआयडी'ची खूण हवी, असे त्याचे म्हणणे.

असे का व्हावे? लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीवर मालक, गट आणि इतर अशा तिघांचे हक्क लिहिलेले असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १, मिळून ७. 'सुडो'च्या फाइलीवर मात्र बहुधा ४७५५ असे चार आकडे असतात. त्यातल्या पहिल्या ४ मुळे ती फाइल कोणीही चालवली तरी मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालते. माझ्या ७७७ ने नेमका तोच ४ पुसला. 'एसयू'चीही तीच गत झाली. सर्वांना हक्क वाटता वाटता मी स्वतःचाच हक्क घालवून बसलो!

रिकव्हरी मोडमधून रूट होऊन ४७५५ पुन्हा लावले, तेव्हा 'सुडो'ची ती तक्रार मिटली. पण बाकीच्या हजारो फाइलींचे मूळ हक्क कोणते, हे मला कुठे ठाऊक? शेवटी दादाची कागदपत्रे बाजूला काढून सारी यंत्रणा नव्याने बसवावी लागली. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हा.

काही मित्र म्हणतील, "संगणक माझा, वापरणारा मी एकटा; मग ही कुलपे कोणासाठी?" एक यंत्र अनेकांनी वापरायचे, या युनिक्सच्या काळातली ही व्यवस्था १९९१ साली आलेल्या लिनक्सनेही ठेवली, हे खरे. पण आपण चालवलेला प्रोग्रॅम सहसा आपल्याच हक्काने चालतो. त्याची चूक, आपली चूक घराच्या उंबरठ्याशी थांबावी, म्हणून ही कुलपे.

तेव्हा नकार आला की आधी 'एलएस -एल' देऊन फाइलीचा मालक पाहावा, 'आयडी' देऊन आपण कोणत्या गटात आहोत ते पाहावे. ती लायब्ररी माझ्या होम निर्देशिकेतही बसली असती. रूटची गरजच नव्हती. खरोखर गरज पडली, तर 'सुडो' त्या एका आज्ञेपुरते वापरावे. कोठीच्या किल्ल्या हाती आल्या म्हणून कोणी दारे उखडत नाही.