विश्लेषण : एकाच गोगलगायीची तीन नावे, कायदा कोणते मानतो?

अंबडमधल्या एखाद्या घरात शोकेसमध्ये ठेवलेला शंख बहुधा कोकणच्या सहलीतून, नाहीतर रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेतून आलेला असतो. तो कोणत्या प्राण्याचा, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. पण काही शंख असे आहेत की त्यांची खरेदी-विक्री हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ हा त्यातलाच एक.

ही गोगलगाय कोणती?

शास्त्रीय नाव कोनस मिल्नएडवर्ड्सी. मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, कोनिडी कुळ. शंकूसारखा निमुळता शंख, उंच टोक आणि पांढऱ्यावर तपकिरी जाळीची नक्षी. मोठा शंख १७ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. ती राहते साधारण ५० ते १८० मीटर खोल पाण्यात. त्यामुळे वाळूत फिरताना सापडत नाही. वर येते ती ट्रॉलरच्या जाळ्यात. या कुळातल्या सगळ्याच गोगलगायी विषारी काटा मारून शिकार करतात. तिच्याच एका नातलगाच्या, कोनस मॅगसच्या, विषावरून तयार झालेल्या वेदनाशामक औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली.

नावे तीन कशी?

फ्रेंच अभ्यासक जूसोम यांनी १८९४ मध्ये तिचे पहिले वर्णन केले आणि मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले. पुढे समुद्राखालच्या तारा सांभाळणाऱ्या जहाजावरील टाउनसेंड यांना मुंबईपासून दूर अरबी समुद्रात असेच शंख मिळाले. मेलविल आणि स्टँडन यांनी १८९९ मध्ये ती वेगळी प्रजाती समजून ‘कोनस क्लायटोस्पायरा’ असे नाव ठेवले. नामकरणाचा नियम साधा आहे : जुने नाव टिकते. म्हणून मुंबईचे नाव मागे पडले. आज ते फार तर उपप्रजाती म्हणून येते.

तिसऱ्या नावाची गोष्ट अलीकडची. २००९ मध्ये काही तज्ज्ञांनी कोनस या एका प्रजातीगटाची शंभरावर शकले केली. ही गोगलगाय ‘लेप्टोकोनस’ झाली. पाच-सहा वर्षांतच डीएनएच्या आधारे दुसऱ्या गटाने बहुतेक शकले पुन्हा कोनसमध्ये आणली. वर्गीकरण ही दगडावरची रेघ नव्हे, हे यातून दिसतेच.

मग अडचण कुठे?

केंद्र सरकारने २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या नऊ प्रजाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. त्यात ही गोगलगाय मिल्नएडवर्ड्सी या नावाने आहे. संग्राहकांच्या बाजारात मात्र तिन्ही नावे चालतात. क्लायटोस्पायरा म्हणून विकला तरी प्राणी तोच, आणि गुन्हाही तोच. पण पंचनामा करणाऱ्या वनरक्षकाला हे कळणार कसे? यादी इंग्रजी-लॅटिनमध्ये, शंखावर नाव लिहिलेले नाही आणि तज्ज्ञ हाताशी नाही.

मच्छीमाराला दोष देऊनही भागत नाही. जाळे ओढताना तो प्रजाती निवडत नसतो. ससून डॉक किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर नऊही शंखांची छायाचित्रे, जुनी-नवी नावे आणि ‘जिवंत असल्यास परत पाण्यात सोडा’ अशी एक मराठी ओळ असलेला फलक लावायला अधिसूचना लागत नाही. रंगारी आणि दोन खिळे पुरतात.