दातांना विरजण

हल्ली पुण्या-मुंबईकडून गावी येणारी मंडळी एक नवी गोळी दाखवतात. ती चघळायची. तिच्यात म्हणे दातांची राखण करणारे जिवंत जिवाणू असतात. प्रोबायोटिक! शब्द परका असला तरी कल्पना आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की चांगले जिवाणू वाढतात आणि दूध नासवणाऱ्यांना जागा उरत नाही. मग तोंडातही तसेच का होऊ नये?

विचार आवडण्यासारखा आहे. म्हणूनच तो कसून तपासला पाहिजे, आणि तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वेल्ह्यासारख्या गावांत तपासला पाहिजे, असे माझे मत आहे.

दात किडतो कसा, हे आधी पाहू. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू नांदत असतात. त्यातला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने १९२४ साली किडलेल्या दातात शोधून काढला. आपण साखर खाल्ली की तो तिचे आम्ल करतो आणि त्या आम्लात दाताचे कठीण आवरण विरघळू लागते. पुढे लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते. पण लाळेला उसंतच मिळाली नाही, तर खड्डा पडणारच. म्हणून एकदाच पोटभर गोड खाण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे गोड चघळणे दातांना जास्त वाईट.

आता गंमत पाहा. प्रोबायोटिक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणूसुद्धा आम्लच तयार करतात. दही आंबट होते ते त्यामुळेच! खोल किडलेल्या दाढेतही याच कुळातले जिवाणू सापडतात. म्हणजे ज्याला राखणदार नेमायचे, त्याचेच भाऊबंद चोरीच्या जागी हजर! तेव्हा 'दही चांगले, म्हणून दातांनाही चांगले' असे सरळ गणित मांडता येत नाही. कोणता जिवाणू, किती आणि किती दिवस, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा प्रमाणात हवेत आणि त्यांनी आरोग्याला फायदा व्हायला हवा. या तीनही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

त्याच २००१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाड्यांतली १ ते ६ वर्षांची ५९४ मुले घेतली. काहींना नेहमीचे दूध दिले, तर काहींना एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस घातलेले दूध. हे सात महिने चालले. जिवाणूचे दूध पिणाऱ्यांत दातांची कीड कमी दिसली, विशेषतः तीन-चार वर्षांच्या मुलांत. आपल्याकडेही १२ ते १४ वर्षांच्या ४० मुलांना प्रोबायोटिक आइस्क्रीम देऊन पाहिले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांच्या लाळेतले म्युटन्स जिवाणू कमी झाले होते.

दोन्ही निकाल आशा वाढवणारे आहेत, पण दोन्हींत फरक आहे. लाळेतले जिवाणू मोजणे म्हणजे वर्गाची हजेरी घेणे. वर्षाअखेरीस किती दात किडले, हा खरा निकाल. हजेरीपटावरून कोणी मुलाला पास करत नाही! शिवाय गोळी बंद केली की हे पाहुणे जिवाणू बहुधा थोड्याच दिवसांत तोंडातून नाहीसे होतात. म्हणजे ती घेत राहायची आणि तिचे पैसेही मोजत राहायचे.

आता वेल्ह्याकडे येतो. आमच्या खोऱ्यांतले दूध डेअरीच्या गाडीतून पुण्याकडे जाते आणि खालून बिस्किटांचे पुडे, वेफर, गोळ्या वर येतात. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट हीच पुष्कळ मुलांची न्याहारी. राखुंडी आणि बाभळीची काडी गेली, पण रात्री ब्रश करायची सवय काही आली नाही. बायकांची मशेरी अजून सुटलेली नाही. दाढ भरायची म्हणजे एसटीने जाणे-येणे आणि एक दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून दाढ ठणकेपर्यंत कोणी जात नाही, आणि गेल्यावर ती काढूनच येतात. २००२-०३ च्या राष्ट्रीय दंत पाहणीत देशातल्या बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. ती मुले आता पस्तिशीच्या आसपास आहेत.

उपाय साधा आणि स्वस्त निघाला, तर सर्वांत जास्त फायदा अशाच मुलांचा आहे. म्हणून प्रयोग इथे व्हावा, पण तो काही अटींवर. पालकांना मराठीत समजावून लेखी संमती घ्यावी. फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश दोन्ही गटांतल्या मुलांना द्यावा. प्रयोगासाठी कोणाला त्यापासून वंचित ठेवू नये. कोणत्या मुलाला कोणते ताक मिळते, हे ना त्याला कळावे, ना दात तपासणाऱ्या डॉक्टरांना. किमान दोन वर्षे दात मोजावेत. मोजताना जो खड्डा सापडेल, तो भरून द्यावा. नुसती नोंद करून गाडीत बसून जाणे, हे मला मान्य नाही. आणि निकाल गावात येऊन सांगावा, मग तो उलटा का लागेना!

तोवर गोळी घ्यायचीच असेल, तर निदान पाकीट वाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पाकिटावर जिवाणूच्या नेमक्या वाणाचे नाव, मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवंत संख्या आणि साठवण्याची पद्धत असायला हवी. थंड जागी ठेवायचे पेय असेल, तर पावसाळ्यात वीज गेल्यावर त्यातले किती जिवाणू जिवंत राहतील, याचाही विचार करा.

ताक जरूर प्या, बिनसाखरेचे. ते चांगलेच आहे. पण ताक किंवा गोळी घेतली म्हणून मशेरी माफ होत नाही आणि रात्रीचा ब्रशही टळत नाही. आपल्या गावातल्या शाळेत शेवटची दंत तपासणी कधी झाली, आणि सापडलेले दात पुढे कोणी भरून दिले का, हे जरा विचारून पाहा. उत्तर मलाही कळवा.