गोळी कुणी दिली?

दोस्तांनो, समजा तुम्ही बोरिवलीला राहता आणि आजीच्या पायाचं ऑपरेशन झालंय. आई-बाबा सकाळीच लोकलने ऑफिसला. दुपारी मुलुंडहून आत्या येते, संध्याकाळी तुम्ही शाळेतून. येईल तो विचारतो, "आजी, गोळी घेतली का?" आजी म्हणते, "घेतली वाटतं!"

हे 'वाटतं' फार धोक्याचं! रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा गेली, तर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. इन्सुलिन दोनदा दिलं, तर रक्तातली साखर इतकी घसरते की शुद्धही हरपते.

इथे मोबाइलमधलं अ‍ॅप उपयोगी पडतं. सगळ्यांच्या फोनवर दिसेल अशी एकच यादी करायची : औषध, वेळ, देणाऱ्याचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हे नीट जमत नाही. 'गोळी दिली' हा निरोप 'सुप्रभात'च्या फुलांखाली गडप होतो! यादीतली खूण मात्र जागच्या जागी राहते.

गोळी देणं मोठ्यांचं काम. यादीवर लक्ष ठेवणं तुमचं. आजीने गोळी गिळली, की लगेच खूण. आधीही नाही, नंतर आठवूनही नाही. खूण नसेल, तर अंदाजाने दुसरी गोळी द्यायची नाही. आधी आत्याला विचारायचं. तिलाही नक्की आठवत नसेल, तर डॉक्टरांना.

बॅटरी कधीही संपते. म्हणून हीच यादी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. खाली मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. महाराष्ट्रात २०१४पासून या नंबरवर मोफत रुग्णवाहिका मिळते.

आणि हो, अ‍ॅप आजीशी गप्पा मारत नाही. ते खातं तुमच्याकडेच!