मासा आला, हे कळणार कसं?

दोस्तांनो, भाईंदरच्या खाडीकाठी हातगळ टाकून बसलेली माणसं तुम्ही पाहिलीच असतील. तंगुसाचा धागा पाण्यात गेलेला आणि त्याचं दुसरं टोक तर्जनीवरून घेतलेलं. माणूस गप्पा मारतो, विडी ओढतो, पण ते एक बोट मात्र कान देऊन बसलेलं असतं! माशानं आमिषाला तोंड लावलं की आधी त्या बोटाला कळतं. बोटाला रग लागली की लोक काठीच्या टोकाला घुंगरू बांधतात. मासा ओढतो, घुंगरू वाजतं. साधी गोष्ट, नाही का?

साधी आहे, पण घुंगरू अर्धीच बातमी सांगतं, बरं का. कसं ते पाहू.

त्याआधी मासा बदलू. खाडीचं पाणी खारं, तिथे शिंगाळा, बोय असे मासे. आज आपल्याला हवेत ते कार्प कुळातले मासे म्हणजे रोहू, कटला, मृगळ आणि बाहेरून आपल्याकडे आणलेला सायप्रिनस. हे गोड्या पाण्यातले. म्हणून त्यांच्यासाठी खाडी सोडून तलाव गाठायला हवा. मुंबईतला १८९१ सालचा पवई तलाव गळानं मासे धरणाऱ्या हौशी मंडळींचा जुना अड्डा. (तिथे मगरीही आहेत, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसायची हौस कोणी करू नये.)

या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात! मासा आमिष तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि संशय आला की फूऽऽ करून बाहेर टाकतो. त्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी बुचाचा तरंगता तुकडाच उत्तम, बूच बुडालं की समजायचं. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात. तिथे आमिष तळाला, शिसाचं वजन तळाला आणि बूच नाहीच. मग कळणार कसं?

तळाचा मासा दोन प्रकारे निघतो. एक म्हणजे आमिष घेऊन तलावाच्या मध्याकडे. धागा ताणला जातो, घुंगरू वाजतं, आपण खूश. पण तो आपल्याच दिशेला आला तर? धागा ढिला पडतो. घुंगरू गप्प! मासा गळ घेऊन फिरतोय आणि आपण निवांत शेंगा खातोय. ही ती राहिलेली अर्धी बातमी.

यावरचा जुना उपाय मला फार आवडतो, कारण त्याला एक पैसाही लागत नाही. काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवायची, तिचं टोक धागा पाण्यात गेलाय त्याच दिशेला. धागा अलगद ताणून घ्यायचा. मग रीळ आणि पहिली कडी यांच्यामधल्या धाग्याला कणकेचा लिंबाएवढा गोळा चिमटून लावायचा आणि तेवढा धागा खाली ओढून गोळा लोंबता ठेवायचा. जमिनीपासून वीतभर उंच हवा, म्हणजे त्याला वर जायला जागा आणि खाली यायलाही जागा. गोळा वर सरकला तर मासा लांब चाललाय. गोळा खाली आला तर मासा आपल्याकडे येतोय. झटका दिला की गोळा आपोआप गळून पडतो.

अंधारात मात्र गोळा दिसत नाही. इंग्लंडमधले रिचर्ड वॉकर रात्र रात्र कार्पच्या मागे असत. त्यांनी विजेवर वाजणारा इशारा-यंत्राचा प्रकार तयार केला. १९५२ साली रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प पकडला आणि तो जिवंतपणी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचला! आजच्या यंत्रांत धागा एका छोट्या चाकावरून जातो. चाकात चुंबक असतं. चाक फिरलं की आतल्या इलेक्ट्रॉनिक भागाला कळतं आणि ‘पीं’ होतं. मासा सुसाट निघाला तर पींपींपीं एकसारखं. चाक कुठल्याही बाजूला फिरो, आवाज होतोच. म्हणून शहाणे लोक यंत्र पुढच्या खुंटीवर लावतात आणि यंत्र व रीळ यांच्यामध्ये लोंबतं वजन ठेवतातच. कधी ते यंत्रानं सांगायचं, कुठे ते वजनानं.

यंत्राला संवेदनशीलतेचं बटण असतं. नवखा माणूस ते पूर्ण वर चढवतो. मग वारा आला की पीं, कचरा अडकला की पीं. खाडीत तर ओहोटीचं पाणीच धागा ओढत राहतं, तिथे हे यंत्र बोंबलून बोंबलून सेल संपवेल. दहा खोट्या हाकांनंतर अकरावीला कोण उठणार? वारा असेल तर आधी काठीचं टोक पाण्याजवळ खाली न्या, वजन थोडं वाढवा, आणि मगच बटणाला हात लावा.

आता आपला घरचा बझर. लाकडी कपड्यांचा चिमटा घ्या, स्प्रिंग ढिली झालेला असला तर अधिक चांगला. दोन्ही जबड्यांवर उघडी तांब्याची तार गुंडाळा, अशी की चिमटा मिटला की तारा एकमेकींना टेकतील. दोन पेन्सिल सेलची पेटी आणि तीन व्होल्टवर चालणारा बझर आणा. पेटीची लाल तार बझरच्या लाल तारेला, बझरची काळी एका जबड्याला, पेटीची काळी दुसऱ्या जबड्याला. जबड्यांमध्ये प्लास्टिकच्या झाकणाची पट्टी नुसती टोकाला अडकवा. पट्टीला दोरा, दोऱ्याला अर्धी उघडलेली पेपरक्लिप, आणि क्लिपमध्ये खाली ओढलेला धागा. मासा ओढेल, धागा सरळ होईल, पट्टी निसटेल आणि बझर ओरडेल.

पट्टी घट्ट बसली तर माशाला ओढ जाणवेल आणि तो आमिष थुंकेल. म्हणून आधी घरीच परीक्षा घ्या. डोळे मिटून बसा आणि धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीतून धागा कधी हळू, कधी जोरात ओढायला सांगा. एकदा ढिला सोडायलाही सांगा. बझर वाजणार नाही! हा चिमटा घुंगराचाच भाऊ, त्यालाही अर्धीच बातमी कळते. कणकेचा गोळा सोबत हवाच.

आणि हो, बझर लावून भेळ खायला जायचं नाही. वेळेवर कळलं तर गळ ओठात असतो, लहान मासा हळूच सोडवून परत पाण्यात सोडता येतो. उशीर झाला तर गळ घशात जातो आणि मग तो मासा सोडूनही जगणं कठीण. शिवाय मोठा रोहू रिळाचा ब्रेक घट्ट असेल तर काठीच घेऊन जाईल! ब्रेक सैल ठेवा. तलावाचा मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारा, परवानगी घ्या, आणि घरचं मोठं माणूस सोबत न्या.

चिमट्यात काही सुधारणा करून ढिल्या धाग्यालाही तो वाजवता येईल का? मला एक युक्ती सुचली आहे, पण आधी तुमची पाहू. पत्रात आकृती काढायला विसरू नका.