बरणीतले फूल, डोंगरावरचे झाड

लहानपणी खोकला झाला की आई सितोपलादी चूर्ण मधात कालवून बोटाने चाटवायची. त्यातले वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साचणारा पांढरा खडा, हे मला फार उशिरा कळले. आणि तो ज्या कळकात साचतो, त्याच कळकाला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात फुले आली होती, हे त्याहून उशिरा.

कळक चाळीस-पन्नास वर्षांतून एकदाच फुलतो आणि फुलून मरतो. रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बियांपासून रुजवलेली इवलीशी रोपे नारळाचे पाणी आणि सायटोकायनिन हे संप्रेरक घातलेल्या माध्यमात वाढवली. काही महिन्यांत ती फुलली, त्यांना बीही धरले! १९९० साली 'नेचर'ने हे छापले.

तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी पडते : औषधी वनस्पती आता बरणीत होतात, मग जंगलाची चिंता कशाला? मला हे पटत नाही.

आपल्या सह्याद्रीतला नरक्याच घ्या. नावाप्रमाणेच त्याला घाण वास. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य शोधले. १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडले. त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. झाले, कुऱ्हाडी निघाल्या. द्रव्य मुळात आणि खोडात, त्यामुळे झाड मुळासकट गेले. ज्याच्या हातात कुऱ्हाड, त्याच्या पदरात मजुरीपलीकडे काय पडले असेल?

ऊतिसंवर्धनाने एका डोळ्यापासून हजारो रोपे होतात, हे खरे. पण ती सारी एकाच तोंडवळ्याची. एकीला जो रोग, तो सगळ्यांना. शिवाय प्रत्येक नरक्यात द्रव्य सारखे नसते. भरपूर द्रव्याचे मातृवृक्ष निवडायचे तर ते डोंगरावर उभे हवेत ना? बरणीतल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो. थेट उन्हात नेले की ते माना टाकते. हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी लागते, आणि ते काम पायथ्याच्या गावातल्या रोपवाटिकेत व्हायला हवे.

माल घेणाऱ्या कारखान्याला तो लागवडीचा की रानातला, हे बिलावर लिहायला लावावे. आणि नरक्या तोडणीला यायला वर्षे लागतात; तोवर बांधावर तो सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला पैसे कोण देणार, हे रोपे वाटण्याआधी ठरवावे.