आधी फुंक, मग पट्टी

दोस्तांनो, कायदा वाचा. सगळा नको, एक पोटकलम तरी वाचा.

1923 साली इंग्रजानं कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. कामावर हातपाय तुटला तर मालकानं पैसे द्यायचे. पण कलम 3 मध्येच पाचर मारून ठेवली. कामगार दारूच्या नाहीतर नशेच्या अंमलाखाली असला आणि अपघात थेट त्याच्यामुळं झाला, तर मालक सुटला. इंग्रज गेला, पाचर राहिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच उतरवलीय.

आमच्या सूतगिरणीत रातपाळीला एकाची दोन बोटं कार्डिंग मशीननं नेली. मशीनचा गार्ड महिनाभर काढून ठेवलेला. रक्त गळतंय, आणि सायब नळी पुढं करून म्हणतो, आधी यात फुंक मार. आधी फुंक, मग पट्टी! गार्ड कुणी काढला, सलग दुसरी पाळी कुणी करायला लावली, हे दाखवणारी नळी अजून निघालेली नाही. नळी फक्त आमच्याच तोंडाला.

लघवीच्या तपासणीची तर त्याहून मजा. चार दिवसांपूर्वी ओढलेला गांजा आज लघवीत सापडतो. माणूस आज, त्या घटकेला शुद्धीत होता का, हे ती सांगतच नाही. तरी कागदावर शिक्का : नशेखोर. आमच्या कपाळावर शिक्के काय नवीन आहेत?

आता गटाराकडं या. तिथं उतरणारा कुठल्या जातीचा, हे तुम्हाला सांगायला नको. साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा, तरी उतरवतात. तो पिऊन उतरतो, कारण शुद्धीतल्या माणसाला तो वास सोसत नाही. म्हणजे दारू हे त्याच्या कामाचं हत्यारच झालं, तेही स्वतःच्या पैशानं घेतलेलं! मेला की ठेकेदार म्हणतो, प्यालेला होता. अरे, गटारातला वायू काय तोंडाचा वास घेऊन मारतो?

आणि आपलेच काही शहाणे मान डोलावतात. बाबासाहेबांनी दारू सोडायला सांगितली, हा ऐकत नाही, मग भोग म्हणावं. 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मीही ती घेतलीय. पण ती आपण आपल्याशी घेतलेली. मालकाच्या वकिलाला वापरायला दिलेली नाही. पंचशील सांगायला वस्तीत जरूर जा, भरपाईच्या अर्जावर मात्र ते चिकटवू नका.

कायद्यानं काय हातात आहे ते पाठ करा. माणूस मेला तर दारूची सबब चालत नाही. 1995 च्या दुरुस्तीपासून कायमच्या पूर्ण अपंगत्वालाही चालत नाही. बोटं गेली, एक डोळा गेला, तिथं ती चालते, आणि आपली माणसं जास्त करून तिथंच मार खातात. तिथंही नुसता वास पुरत नाही. अपघात थेट नशेमुळंच झाला, हे मालकानं सिद्ध करायचं असतं. म्हणून विचारा : चाचणी किती वाजता घेतली? कुणी घेतली? गार्ड कुठं होता? पाळीचं रजिस्टर दाखवा.

आणि इस्पितळात सगळ्यात आधी आपला माणूस पोचला पाहिजे. टाइमकीपर कोरा कागद घेऊन येतो, जखमीचा अंगठा त्या गडबडीतच घेतात.